नजमाकाकूंचा गुरुवार

नजमाकाकूंनी आयुष्यात एकदाच पुस्तक द्यायला नकार दिला आणि तेव्हा मी पार्टिशनच्या पलीकडे बसून भूगोलात डोकं घालून सगळं ऐकत होते. तेच सांगायचंय मला. पण एकदम ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, लायब्ररीतली माणसं नाही म्हणतातच. म्हणून थांबा, आधी काकू सांगते.

नजमा मुलाणी. शेळगावच्या आमच्या लायब्ररीच्या ग्रंथपाल, शिपाई, झाडलोट, सगळं त्याच. लायब्ररी म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत कपाटं, पेपरचं टेबल आणि काकू. मागच्या खोलीत अभ्यासिका, म्हणजे आम्ही, स्पर्धा परीक्षेवाली पोरं. मधे प्लायवूडचं पार्टिशन, तेही अर्ध्यापर्यंतच. त्यामुळे काकूंचं सगळं बोलणं आमच्या अभ्यासात मिसळायचं. माझ्या डोक्यात अजून राज्यघटनेची कलमं आणि काकूंची गिऱ्हाइकं एकदमच येतात, एकाला बाहेर काढलं की दुसरं पण येतं.

आमची नावं त्यांना पाठ होती, पण हाक मारताना परीक्षेचं नाव. "ए पोलीस भरती, पंखा बंद कर." "ए तलाठी, च्या पितीस का?" तलाठी म्हणजे मी. मी नंतर दुसऱ्याच परीक्षेत पास झाले तरी शेवटपर्यंत तलाठीच राहिले.

बारीक चण, डोक्यावरनं कधी न घसरणारा पदर, चष्म्याला काळी दोरी, आणि तोंडात लवंग. पुस्तक मागायला आलं की कुठलं हवंय ते विचारायच्याच नाहीत. डॉक्टर नाडी बघतात तसं आधी माणूस बघायच्या. "जेवलास का?" "घरी कोन कोन हाय?" "कुनावर चिडलाय?" मग उठायच्या, कपाटापाशी जायच्या, आणि भलतंच पुस्तक घेऊन यायच्या.

आमच्याकडं दत्ता म्हणून ट्रॅक्टरवाला आहे. त्याचं जमलेलं लग्न मोडलं तेव्हा तो दाढी वाढवून लायब्ररीत आला आणि म्हणाला, "काकू, प्रेमाचं कायतरी द्या, दुःखाचं." काकूंनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि कुक्कुटपालनाचं पुस्तक दिलं.

"काकू, हे कोंबड्यांचं हाय."

"व्हय. तुला आत्ता प्रेमाचं दिलं तर तू कॅनॉलला जाऊन बसशील. हे वाच. कोंबडी आजारी पडली तर काय करायचं ते पाठ करून ये, मग दुसरं दीन."

तो चिडून घेऊन गेला. आज त्याच्या शेडमधे कोंबड्या आहेत, घरात बायको आहे, आणि प्रेमाचं पुस्तक मागायचं राहूनच गेलंय.

बरं, गुरुवार कसा सुरू झाला ते सांगायला पाहिजे कारण तो वाणामुळे सुरू झाला.

लायब्ररीत बायका यायच्याच नाहीत. पुरुष पेपर वाचायला यायचे, पोरं अभ्यासाला. काकूंना ते फार लागायचं. म्हणायच्या, "बायका दवाखान्यात येत्यात, बँकेत येत्यात, हितंच यायला काय काटं टोचत्यात?" मग एका संक्रांतीला त्यांनी लायब्ररीत हळदीकुंकू ठेवलं. हळदीकुंकू लावायला शेजारच्या पारूबाईंना बसवलं, स्वतः तिळगूळ वाटला, आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एक एक पुस्तक. वर सांगितलं, "पंधरा दिसानं आणून द्यायचं."

पंधरा दिवस झाले, एकही पुस्तक परत आलं नाही. काकू घरोघर गेल्या. बायका दारात उभ्या राहून एकच सांगायच्या, वाण परत द्यायचं नसतं, अपशकुन असतो. काकू म्हणाल्या अगं लायब्ररीचं आहे, शिक्का आहे त्याच्यावर. बायका म्हणाल्या शिक्का असू दे, हातात देताना तू वाण म्हणूनच दिलंस. काकू डोक्याला हात लावून पारूबाईंच्या पायरीवर बसल्या.

पारूबाई म्हणजे खुरपणीच्या टोळीची मुकादम. उंच, रापलेली, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपोआप काम सुरू करावं. त्या म्हणाल्या, "परत न्हाय द्यायचं. म्होरं द्यायचं. रथसप्तमीपतुर वाण चालतंय न्हवं? हिनं तिला द्यायचं, तिनं हिला."

आणि खरंच पुस्तकं गावभर फिरली. हिच्या घरनं तिच्या घरी, तिळगुळाबरोबर. आणि रथसप्तमीच्या दिवशी सगळ्या बायकांनी मिळून ती सगळी पुस्तकं काकूंनाच वाण म्हणून दिली. काकूंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता, हसावं का रडावं कळेना. आणि त्याच गर्दीत पारूबाई म्हणाल्या, "नजमा, फिरवली आमी. पन वाचली कुनी? माज्या टोळीत निम्म्या बायांना येत न्हाय."

काकू म्हणाल्या, "मग मी वाचते. तुमी बसा."

आमच्याकडं गुरुवारी बाजार असतो, त्या दिवशी खुरपायला सुट्टी. दुपारी बाजार करून बायका पिशव्या घेऊन यायच्या आणि सतरंजीवर बसायच्या. पिशव्यांतनं मेथी, कोथिंबीर, बोंबील, सगळ्याचा वास. तो वास आणि काकूंचा आवाज. अभ्यासिकेत त्या वेळात एक ओळ डोक्यात जात नसे कुणाच्या, पण तक्रार कुणीच केली नाही, कारण आम्ही पण ऐकत असायचो.

वाचायचे काकूंचे दोन नियम होते. पहिला, छापलंय ते सगळं वाचायचं. मुखपृष्ठावरनं सुरुवात. प्रकाशक, मुद्रक, किंमत, सगळं. अर्पणपत्रिका वाचताना बायका डोळ्याला पदर लावायच्या, कुणाला अर्पण केलंय त्याचा पत्ता नसताना. एकदा एका पुस्तकात शिव्या आल्या. एक म्हातारी म्हणाली, "नजमा, तेवढं सोड गं." काकू म्हणाल्या, "लिव्हणाऱ्यानं लिव्हलंय. पुस्तक काय तांदूळ हाय व्हय खडा काढून टाकायला?" आणि भाजीचा भाव सांगावा तशा सरळ आवाजात सगळ्या शिव्या वाचल्या. पार्टिशनमागं आमचा पोलीस भरती फिदीफिदी हसला तर न थांबता म्हणाल्या, "दात काय काढतोस, तुज्या बापाच्या तोंडात ह्याच्यापरीस मोठ्या हायत," आणि पुढचं वाक्य.

दुसरा नियम, पुढचं आधी वाचून ठेवायचं नाही. जिथं खूण तिथंच पुस्तक मिटायचं, ते पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर उघडायचं. मी एकदा विचारलं, काकू तुम्हाला उत्सुकता वाटत नाही का. म्हणाल्या, "लई वाटती. पन मी आधी वाचलं की माज्या तोंडावर दिसतंय. मग ह्यांची मजा जाती. त्यांच्याबरबर मलाबी कळू दे."

हा दुसरा नियमच काकूंना नडला.

तेव्हा एक जाडजूड कादंबरी चालू होती. कोकणातलं बंदर, तिथं खाणावळ चालवणारी कुमुद नावाची बाई, नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही. कुमुद आमच्या गावात जवळजवळ राहायलाच आली होती. बायका खुरपता खुरपता तिच्यावर बोलायच्या. "कुमुदनं त्या वाण्याचं ऐकाय नको हुतं." "ऐकंल न्हायतर काय करंल, एकटी बाई." कुमुद बाळंत झाली त्याच्या पुढच्या गुरुवारी पारूबाई डबा घेऊन आल्या. डिंकाचे लाडू.

काकू म्हणाल्या, "हे कुनाला?"

"कुमुदला. तिला तितं कोन करनार हाय?"

सगळ्या हसल्या, पारूबाई पण हसल्या, पण लाडू खरे होते, साजूक तुपातले. शेवटी काकूंनी डबा पार्टिशनवरनं आमच्याकडं दिला. "खावा रे. कुमुदच्या नावानं खावा."

आता पारूबाईंचं घरचं सांगायला पाहिजे. त्यांची मुलगी संगीता. कऱ्हाटीला दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि ती माहेरी आली. मंगळवारी आणि शनिवारी बारामतीला डायलिसिस. पारूबाई कामावर खाडा करून तिच्याबरोबर एसटीनं जायच्या. मशीन चालू असेपर्यंत उशाशी बसायच्या आणि गुरुवारी ऐकलेलं सगळं तिला सांगायच्या. संगीता बीए झालेली, पण तिला आईच्या तोंडून ऐकायचं असायचं. आई सांगताना कुमुदला शिव्या पण द्यायची ना, म्हणून.

आणि एका गुरुवारी कादंबरीत कुमुद आजारी पडली. पाय सुजले. अन्न जाईना. पारूबाई पटकन म्हणाल्या, "आमच्या संगीचं असंच सुजलं हुतं." काकूंनी वाचता वाचता एकदा चष्म्यावरनं त्यांच्याकडं बघितलं. नियम मोडून पुढचं बघून ठेवावं असं त्यांना वाटलं असणार, पण त्यांनी बघितलं नाही.

पुढच्या गुरुवारी त्या वाचत होत्या. कुमुदनं पाणी मागितलं. शेजारीण तांब्या घेऊन आत आली. तोवर...

आणि काकू थांबल्या.

असं कधी होत नसे. मी पार्टिशनवरनं डोकं काढलं. काकूंची नजर पानावर होती आणि ओठ हलत नव्हते. सतरंजीवर पारूबाई गुडघ्याला मिठी मारून बसलेल्या, पुढं झुकून.

"तोवर काय?" त्या म्हणाल्या.

काकूंनी खोकल्यासारखं केलं. लवंग एका गालातनं दुसऱ्या गालात घेतली. म्हणाल्या, "तोवर... कुमुदला जरा बरं वाटाय लागलं हुतं. ती उठून बसली."

मी तिथंच ओळखलं. पुस्तकातली भाषा शुद्ध पुस्तकी होती, आणि ती एकाएकी शेळगावची झाली होती.

पुढचे कितीतरी गुरुवार काकू पुस्तक समोर धरून मनानंच वाचत राहिल्या. आणि खरं सांगते, त्यांना गोष्ट रचता येत नव्हती. इतकी पुस्तकं दिली लोकांना, पण स्वतःला अजिबात जमायचं नाही. कुमुद दोडक्याची भाजी खायला लागली. वैद्यानं तिला बारामतीला दाखवायला सांगितलं. ती बंदरावरनं एसटीत बसली आणि थेट भिगवणला उतरून उसाचा रस प्याली. एकदा तर कॅनॉलला पाणी सुटलं म्हणून खाणावळीतली माणसं पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला रानात गेली, समुद्राच्या काठावर. पोलीस भरतीनं तोंडात रुमाल कोंबला होता. पण कुमुदची सूज उतरत होती, तिला भूक लागत होती, तिच्या हाताला चव आली होती, आणि पारूबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

आणि आता तो नकार.

एका गुरुवारी बाकीच्या बायका गेल्यावर पारूबाई मागं थांबल्या. "नजमा, संगी म्हनती पुस्तकच आन. मशीनवर एक हात रिकामा असतोय, वाचीन म्हनती."

"बाहेर गेलंय," काकू म्हणाल्या.

"आत्ता तर वाचलंस."

"म्हंजे... जायाचं हाय. पानं सुटल्यात, शिवून घ्यायचंय."

ऑइलच्या हातानं पुस्तक मागणाऱ्या दत्त्यालाही कधी नाही न म्हणालेली ही बाई. पारूबाईंनी काकूंकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं, पिशवी उचलली आणि गेल्या. काकूंनी खुर्ची पार्टिशनकडं वळवली. म्हणाल्या, "ए तलाठी. खोटं वाचलं तर कलम हाय का गं कुठलं?"

"नाही काकू."

"नीट बघ. असंल कुठंतरी."

मी म्हणाले, काकू सांगून टाका ना. तर म्हणाल्या, "काय सांगू? तुज्या लेकीसारखी पायं सुजलेली बाई पानी मागता मागता गेली, असं? छापून आलंय म्हनून सांगू? त्या बाईला मंगळवारी एसटीत बसायचं असतंय गं."

पण संगीता काय गप्प बसणाऱ्यातली नव्हती. बुधवारी ती स्वतःच आली. चेहरा सुकलेला, डाव्या हाताला मशीनच्या सुयांच्या गाठी, पण डोळे असे चमकदार की समोरच्यालाच आपण आजारी वाटावं.

"काकू, कुमुद द्या."

"बाहेर गेलंय गं."

"तुमच्या मांडीवर हाय की."

काकूंनी पदर पुस्तकावर ओढला, म्हणजे आता बघा, एवढी मोठी बाई. "संगे, लई अवघड लिव्हलंय. तुला दुसरं देते. हलकं."

"काकू, मी तुमच्याकडं पुस्तक मागितलंय. औषध न्हाय मागितलं."

काकूंनी पदर बाजूला केला. त्यांनी पुस्तक दिलं. देताना दोन्ही हातांनी दिलं, आणि संगीता फाटकाबाहेर जाईपर्यंत तशाच उभ्या होत्या. मग कपाटं पुसायला लागल्या. पुसलेलीच परत पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लवंगेची पुडी घरी विसरून आल्या, चहा नाही प्यायला, कुणाला हाक नाही मारली. दुपारी बायका जमल्या. सगळ्यांत शेवटी पारूबाई आल्या, आणि बरोबर संगीता. बायकांनी तिला भिंतीला टेकायला जागा करून दिली. पुस्तक तिच्याच हातात होतं.

"आज मी वाचते," ती म्हणाली.

"संगे..." काकू म्हणाल्या.

"छापलंय ते वाचायचं. तुमचाच नियम."

तिनं मागची पानं उलटून बरोबर तेच पान काढलं. कुमुदनं पाणी मागितलं. शेजारीण तांब्या घेऊन आत आली. तोवर कुमुदची मान एका बाजूला कलली होती. दोनच ओळी होत्या. लेखकानं पण फार काही लिहिलं नव्हतं. संगीतानं न अडखळता वाचल्या आणि पुस्तक मांडीवर ठेवलं.

बाहेर बाजारातला एक जण टोमॅटो ओरडून विकत होता तेवढाच आवाज. काकू पारूबाईंकडं बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, कुणी हातात दिलेलं मूल खाली पडलं तर होईल तसा.

पारूबाईंनी नाक पुसलं. म्हणाल्या, "मला म्हाईत हुतं."

"कवापासनं?" काकूंनी विचारलं.

"दोडका खाल्ला तवापासनं. मासं खानारी बाई ती, रोज रोज दोडका खाईल व्हय? आन समिंदरावरनं भिगवणला यष्टी कवा सुरू झाली?"

एक बाई फसकन हसली, मग दुसरी. आणि हसता हसता सगळ्या रडायला लागल्या.

"मग बोलली का न्हाईस?" काकू म्हणाल्या.

"तू एवढी जीव काढून तिला जगवत हुतीस. म्हनलं जगू दे. मलाबी बरं वाटत हुतं."

"पारू, मी खोटं वाचलं."

"वाचलंस खरं. पन तुला जमत न्हाय बग. परत करू नगंस."

संगीता तोपर्यंत दम खात होती. मग ती म्हणाली, आणि हे तिनं अगदी रोजचं काहीतरी सांगावं तसं सांगितलं, "कुमुदच्या टायमाला मशीन न्हवती, काकू. मला हाय. एवढाच फरक हाय, पन लई मोठा हाय." मग आईकडं बघून म्हणाली, "आन हिच्या तोंडनं ऐकायचं तर अर्ध्या शिव्याच असत्यात. तुमीच या की एखाद्या मंगळवारी. तितला टीव्ही बंद पडलाय. माणसं नुसती छताकडं बघत बसत्यात."

काकूंनी नुसती मान हलवली, हो म्हणून का कशी येऊ म्हणून ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतर मी बारामतीला क्लासला गेले, खोली घेऊन राहिले, आणि गुरुवार सुटला. मग एका मंगळवारी संगीताताईचा फोन आला, माझा चार्जर घरी राहिलाय, तुझा घेऊन येतीस का. मी दवाखान्यात गेले. आणखी कुणाला आत सोडत नव्हते, नर्स म्हणाली दारात थांबा, मी देते. दार अर्धं उघडं होतं.

आत पलंग, प्रत्येकाशेजारी मशीन, नळ्यांतनं रक्त फिरतंय. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर नजमाकाकू. तोंडाला मास्क, त्यावरनं चष्मा सारखा धुरकट होतोय, त्या पदरानं पुसतायत आणि वाचतायत. आवाज तोच. पारूबाई कोपऱ्यात भिंतीला टेकून झोपलेल्या. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांची पाळी घेतल्यासारख्या, तोंड उघडं टाकून. संगीताताई डोळे मिटून ऐकत होती. पलीकडच्या पलंगावर बावड्याचे एक आबा होते, पांढऱ्या मिशांचे, त्यांनी मान पार काकूंकडं वळवली होती.

गोष्टीत एक म्हातारा शेतकरी रात्रीतनं तापानं फणफणला होता. वैद्य आला. वैद्यानं हात हातात घेतला आणि मुलाला बाजूला बोलावलं.

काकू थांबल्या. चष्म्यावरनं त्यांनी एकेका पलंगाकडं बघितलं. नर्स पण हातातला ट्रे तसाच धरून थांबली.

आबा म्हणाले, "का थांबला, बाई? काय म्हनला वैद्य?"

काकूंनी चष्मा पुसला, नीट बसवला, पान जरा जवळ धरलं, आणि वैद्य काय म्हणाला ते वाचलं.